शाळेच्या ज्युबिलीसाठी इतिहास लिहायचाय? पणजीच्या डॉन बॉस्को शाळेवरून बघूया

ज्युबिली जवळ आली की माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी विषय काढतंच, आणि मग स्मरणिकेत येतं काय तर हेडमास्तरांची यादी, इमारतीचं उद्घाटन आणि पहिल्या पानावर संताचा फोटो. तेवढ्यावर थांबू नका, कारण ज्याचं नाव शाळेला दिलंय त्या माणसाने नेमकं काय केलं हे समजलं की शाळा तशी का चालते ते आपोआप कळतं.

म्हणून सुरुवात नावापासून करा. डॉन बॉस्को म्हणजे जॉन बॉस्को, जन्म 16 ऑगस्ट 1815, इटलीतल्या ट्युरिनजवळच्या खेड्यात, तो दोन वर्षांचा असतानाच वडील गेले, आई मार्गारिताने वाढवलं. 1841 मध्ये पाद्री झाला, आणि ट्युरिनमध्ये कामासाठी आलेली, रस्त्यावर वाढणारी पोरं बघून त्यांना गोळा करायला लागला. 1846 मध्ये ट्युरिनमधल्याच वाल्डोक्को भागात एका शेडमध्ये कायमची जागा मिळाली. जन्म-मृत्यूच्या तारखा सगळेच देतात, तुम्ही त्याने केलेले करार शोधा. 1851-52 च्या सुमारास तो कामावर लागणाऱ्या पोरांसाठी मालकाबरोबर लेखी करार करायचा, त्यात स्पष्ट लिहिलेलं असायचं की चूक झाली तर फक्त तोंडी समज द्यायची, हात उगारायचा नाही, आणि सणावाराला सुट्टी द्यायची. त्या काळात हे! माझ्या मते स्मरणिकेत यालाच अख्खं पान द्यावं. पुढे 1859 ला त्याने काढलेली सालेशियन ही पाद्र्यांची संस्था, 31 जानेवारी 1888 ला मृत्यू (म्हणून फेस्त, म्हणजे त्याचा सण, त्या दिवशी), 1934 ला संतपद, हे दोन ओळीत उरका.

मग गोव्यात या. सालेशियन फादर इथे आले 1946 मध्ये, म्हणजे वाल्डोक्कोनंतर बरोब्बर 100 वर्षांनी, आणि पणजीत मुलग्यांसाठी काम सुरू झालं. तेव्हा राज्य पोर्तुगीजांचं, सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधून, पण नोकरीसाठी डोळे मुंबईकडे, त्यामुळे इंग्लिश हायस्कुलांना मागणी होती. हा संदर्भ दिला नाही तर आजच्या पोरांना काहीच लागणार नाही.

कागद कुठे मिळतील? आधी शाळेचं जनरल रजिस्टर बघायची परवानगी मागा. त्यात "आधीची शाळा" हा रकाना नीट बघा, कोण मराठी शाळेतून आलं, कोण पोर्तुगीज प्रिमेर ग्राव (प्राथमिक शिक्षण) करून आलं ते त्यात दिसतं. नावं, जात छापू नका हां, फक्त गावं आणि शाळा घ्या. मग पणजीत पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जुने पेपर चाळा, पोर्तुगीजमधला ओ हेराल्डो 1900 पासूनचा आहे, मराठीसाठी दैनिक गोमन्तक 1962 पासून. पर्वरीला झेवियर सेंटर ही इतिहास संशोधन संस्था आहे, मिशनरी संस्थांवरची पुस्तकं तिथे बघा.

पण सगळ्यात घाई करायची ती माणसांची. 1961 च्या आधी शिकलेले आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत, त्यांना आजच फोन लावा. "शाळा कशी होती?" असं विचारलं की "चांगली होती" एवढंच उत्तर येतं, त्यापेक्षा विचारा की मार कोण द्यायचं, संध्याकाळी ग्राउंडवर कोण यायचं, हिंदू मुलं कॅटेकिझमच्या (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या) तासाला कुठे बसायची. शिक्षा झाली का हे तर विचाराच, कारण ते त्या करारातल्या अटीशी ताडून बघता येतं, आणि उत्तर गैरसोयीचं आलं तरी छापा. जमलं तर एसएससीच्या सर्टिफिकेटचा फोटो मागा, गोवा बोर्ड 1975 ला आलं, त्याआधीच्यांवर पुण्याच्या बोर्डाचं नाव सापडेल.

लिहून झालं की छापायच्या आधी एकदा त्याच म्हाताऱ्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवा, साल आणि नावं तिथेच दुरुस्त होतात, आणि एक कॉपी सेंट्रल लायब्ररीत नक्की द्या.