कोल्ड रूमचे सेन्सर आणि संगणकावरची सही : जोडणीपूर्वीची तयारी

तारापूर, कुरकुंभ, वाळूज किंवा गोव्यातील वेर्णा यांसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या एखाद्या औषध कारखान्याला आपल्या कोल्ड रूममधील, म्हणजे औषधे थंड ठेवण्याच्या खोलीतील, तापमान मोजणारे सेन्सर इलेक्ट्रॉनिक सहीच्या प्रणालीशी जोडायचे असतील, तर सॉफ्टवेअर निवडण्याआधी कोणत्या नोंदीला सही लागणार आहे हे लेखी ठरवून घ्यावे. दर ५ मिनिटांनी वाचन घेणारा एक सेन्सर दिवसाला २८८ नोंदी करतो. प्रत्येक नोंदीवर सही मागितली, तर दुसऱ्या आठवड्यापासून माणसे न वाचता सह्या ठोकू लागतात, आणि हाजिरीच्या मस्टरपेक्षा त्या सहीला अधिक किंमत उरत नाही. म्हणून मर्यादा ओलांडल्याची घटना, अलार्मच्या मर्यादेत केलेला बदल, ठरलेल्या मुदतीचा आढावा आणि बॅच बाहेर सोडण्याचा निर्णय एवढ्याच ठिकाणी सही ठेवावी.

त्यानंतर सेन्सरकडे वळावे. खोली रिकामी असताना आणि मालाने भरलेली असताना अशा दोन्ही वेळी तापमानाचे मॅपिंग, म्हणजे खोलीत जागोजागी तापमान मोजून नोंद, करून सर्वांत उष्ण व सर्वांत थंड जागा शोधाव्यात आणि सेन्सर तेथे बसवावेत. कॅलिब्रेशनच्या (सेन्सरची अचूकता तपासल्याच्या) प्रमाणपत्रावरील अनुक्रमांक आणि प्रणालीत नोंदलेला अनुक्रमांक एकच आहे का, हे प्रत्यक्ष सेन्सरजवळ उभे राहून पडताळावे. दार उघडले की अलार्म वाजू नये म्हणून काही मिनिटांचा विलंब ठेवता येतो, पण तो किती आणि का, याचे कारण लिहून ठेवावे. २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मालासाठी खालच्या मर्यादेचा अलार्म वरच्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण इन्सुलिन आणि ॲल्युमिनियमयुक्त लसी गोठल्या की निकामी होतात. तासन्‌तास दशांशापर्यंत एकच आकडा दिसत असेल, तर तापमान स्थिर आहे असे न मानता सेन्सर बंद पडल्याचा संशय आधी घ्यावा.

घड्याळांची जुळणी ही क्षुल्लक वाटणारी, पण तपासणीच्या वेळी हमखास नडणारी बाब आहे. सेन्सर भारतीय वेळेनुसार आणि सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेनुसार चालत असेल, तर रात्री २ वाजताची घटना सर्व्हरवर आदल्या दिवशीच्या २०:३० ला नोंदली जाते. तारीखच बदलल्यामुळे सही आधी आणि घटना नंतर, असे विपरीत चित्र अहवालात उमटू शकते.

नेटवर्क तुटल्यास सेन्सरने वाचने स्वतःच्या स्मृतीत साठवून नंतर पाठवावीत, ही अपेक्षा योग्यच आहे. मात्र आढाव्यावर सकाळी १० वाजता सही झाली आणि रात्रीची अडकलेली वाचने ११ वाजता पोहोचली, तर ती सही नेमकी कशावर आहे? याचे उत्तर आधीच ठरलेले असावे. सही झालेली आवृत्ती गोठवावी, उशिरा आलेली वाचने तशी खूण करून दाखवावीत आणि नव्या आवृत्तीवर नव्याने सही घ्यावी. माझ्या मते संपूर्ण जोडणीतील सर्वांत नाजूक जागा हीच आहे, आणि विक्रेत्याला पहिला प्रश्न याच जागेबद्दल विचारावा.

माल अमेरिकेत जाणार असेल, तर २० ऑगस्ट १९९७ पासून लागू असलेला २१ सीएफआर भाग ११, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांबाबतचा अमेरिकी नियम, पाळावा लागतो. सही करणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ आणि सहीचा अर्थ, म्हणजे तपासले की मंजूर केले, हे तिन्ही तपशील सहीसोबत दिसले पाहिजेत, आणि ती सही काढून दुसऱ्या नोंदीला चिकटवता येऊ नये. इलेक्ट्रॉनिक सही हाताच्या सहीइतकीच बंधनकारक मानतो, असे पत्र एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला, पाठवावे लागते. ते पाठवले आहे का, हे फाइल उघडून पाहावे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देतो, परंतु कारखान्यातील यूजर आयडी-पासवर्डची सही आणि त्या कायद्यातील डिजिटल सही किंवा आधारवर आधारित ई-साइन या एकच गोष्टी धरू नयेत. बाहेरच्या संस्थेशी होणाऱ्या करारांसाठी कायदेशीर सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा.

पूर्ण शिफ्टसाठी एकच पासवर्ड वापरण्याची सवय असल्यास ती जोडणीपूर्वी मोडावी. ॲडमिनचे अधिकार उत्पादन विभागाकडे नसावेत, आणि मंजुरी देणारा रजेवर असताना त्याच्या जागी कोण सही करील, याचे नाव एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, असावे.

शेवटी कागदी लॉगबुक काही आठवडे समांतर चालू ठेवून चाचणी घ्यावी: नेटवर्कची केबल काढावी, सेन्सर हातात धरून तापवावा, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीने सही करून पाहावी, आणि प्रत्येक वेळी ऑडिट ट्रेलमध्ये (कोणी, केव्हा, काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) काय उमटले ते छापून फाइलला लावावे.