‘प्रिफर’ वापरताना या चुका टाळा

स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये दर बॅचला मी हेच सांगतो, तरी वहीत पुन्हा ‘आय प्रिफर टी दॅन कॉफी’ येतंच. प्रिफरनंतर दॅन नाही, टू येतं. आय प्रिफर टी टू कॉफी. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर यांच्यामागेही टूच लागतं, हे सगळे लॅटिनमधून आलेले शब्द आहेत. आपल्या डोक्यात ‘पेक्षा’ असतं आणि पेक्षा म्हणजे दॅन एवढंच पाठ केलेलं असतं, मग दुसरं काय होणार.

पण दॅनची चूक एकवेळ चालेल, समोरच्याला अर्थ तरी कळतो. खरा घात होतो तो क्रमाने. मराठीत आपण नको असलेली गोष्ट सहसा आधी बोलतो, ‘कॉफीपेक्षा चहा बरा’. इंग्रजीत हवं ते आधी, नको ते टूच्या नंतर. माझ्याकडे एक मुलगा होता, आई आजारी, संध्याकाळनंतर घरी तिच्याजवळ दुसरं कोणी नाही. नोकरीच्या इंटरव्ह्यूत शिफ्टचं विचारलं. मनात ‘नाइट शिफ्टपेक्षा डे शिफ्ट बरी’ होतं आणि त्याने जसंच्या तसं त्याच क्रमाने सांगितलं, ‘आय प्रिफर नाइट शिफ्ट टू डे शिफ्ट’. टू बरोबर लावलं बरं का! ऑफर लेटर घेऊन क्लासला आला तेव्हा त्यावर रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा लिहिलेलं, आणि मला विचारतो, सर, मी तर डे म्हणालो होतो ना? शिफ्ट बदलून मिळायला दोन महिने गेले आणि तोवर रोज रात्री शेजारच्या काकू त्याच्या आईजवळ झोपायला यायच्या. त्या दिवसापासून मी पोरांना एकच सवय लावतो, आधी मराठी वाक्य लिहा, ‘पेक्षा’ ज्या शब्दाला चिकटलंय त्याखाली रेघ मारा, तो शब्द शेवटी जाणार. दहा दिवस रेघा मारल्या की नंतर लागत नाहीत, पण पोरांना दहा दिवसही थांबायचं नसतं, एका मिनिटाचं रील बघून इंटरव्ह्यूला जायचं असतं, याचा मला खरंच राग येतो.

क्रियापद असेल तर आयएनजी लावा, आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग. ‘आय प्रिफर टू वॉक’ अशी सुरुवात केलीत तर मात्र पुढे ‘रादर दॅन ड्राइव्ह’ म्हणा, नाहीतर टूवर टू आदळतं. आणि ‘आय वुड रादर वॉक दॅन ड्राइव्ह’ यात टू कुठेच नाही. दॅन खपतं ते इथे रादरसोबत, सगळा गोंधळ त्यातूनच होतो.

‘मोअर प्रिफर’ नको, ‘मोअर प्रेफरेबल’ तर अजिबात नको, जास्त हा अर्थ शब्दात आधीच आहे.

‘आय अॅम प्रिफरिंग’ नको, साधं आय प्रिफर.

‘डॉक्टरांनी मला स्पेशालिस्टकडे प्रिफर केलं’ असं तर शिकलेली माणसंही बोलतात. ते रेफर. आणि सरांनी पुस्तक सुचवलं तर ते रेकमेंड.

आत्ता, या वेळेपुरतं काय हवं ते सांगायचं असेल तर ‘आय वुड प्रिफर टी’. रोजची आवड असेल तर नुसतं प्रिफर.

स्पेलिंगमध्ये प्रिफर्डला आर दोनदा, कारण जोर ‘फर’वर आहे. प्रेफरन्समध्ये जोर पुढे ‘प्रे’वर सरकतो, म्हणून तिथे आर एकदाच.