लॉनची गाडी दारात येण्याआधी

तयार लॉनचे तुकडे मागवले की नर्सरीवाल्याचा फोन येतो, "उद्या सकाळी लॉन टाकतो", आणि मग घरात पाइप शोधायची धावपळ सुरू होते. खरं म्हणजे त्या फोनच्या निदान पंधरा दिवस आधी कामाला लागायला हवं. हे आमच्या पुण्याकडच्या मातीचं आणि पावसाचं सांगतो आहे. कोकणात हिशोब थोडा वेगळा.

सगळ्यात आधी अंगणात चार ठिकाणी टिकाव मारून बघा. रो-हाउसच्या नव्या अंगणात वरची लाल माती दोन-चार इंचच असते, खाली राडारोडा. आमच्याकडे विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि गवंड्याची एक अख्खी थापी निघाली. एक कोपरा कंटाळून तसाच सोडला, तर तो कोपरा दर एप्रिलला पिवळा पडतो. सहा इंच स्वच्छ माती हवीच. काळी चिकट असेल तर तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत मिसळा, थोडी निंबोळी पेंडही. शेणखत मुठीत घेऊन वास घ्या. गोठ्यासारखा वास आला तर ते अजून कच्चं आहे, परत पाठवा. उतार घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला काढून घ्या.

आता ज्या कामाला कुणी थांबत नाही ते. माती सपाट केली की तिला पाणी द्या आणि आठ-दहा दिवस नुसतं बघत बसा. लव्हाळा हे तण डोकं वर काढेल. बाहेरून आणलेल्या मातीबरोबर तो फुकट येतो. हाताने उपटलात तर पातं हातात येतं, गाठ आत राहते आणि फुटते. म्हणून खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढा. एकदा वर लॉन बसलं की लव्हाळा काढायला लॉनच फाडावं लागतं.

पाण्याचा हिशोब कागदावर मांडा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस फूट म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. पाच मिलिमीटर द्यायचं तर एका वेळेला 230 लिटर. पहिले दोन आठवडे हे रोज, कडक ऊन असेल तर दोनदा. मे महिन्यात सोसायटीत टँकर येत असताना हे पाणी कुठून आणणार? वास्तुशांतीच्या फोटोसाठी मे महिन्यात लॉन टाकणाऱ्यांबद्दल मला फार सहानुभूती नाही. जूनअखेर पाऊस स्थिरावू द्या.

लॉनच्या गवताची जात ठरवताना ऊन बघा. सिलेक्शन वन हे हरळीच्या कुळातलं, त्याला दिवसभर ऊन लागतं आणि कापणीही वरचेवर. मेक्सिकन दाट आणि सावकाश वाढणारं. आंब्याच्या गर्द सावलीत दोन्ही टाकू नका, तिथे फरशी बरी.

गाडी आली की तुकडे थप्पीत ठेवायचे नाहीत, आत उष्णता धरते. त्याच दिवशी लावून संपवा. सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवून घ्या, फटीत माती-शेणखत भरा, आणि रोलर नसेल तर फळी टाकून तिच्यावर उभे राहत पुढे सरका. लावत असतानाच मागून पाणी सुरू. संध्याकाळी ते इतकं हिरवंगार दिसतं की पाहुण्यांना वाटतं काम झालं. पण मुळं कापून आणलेलं गवत आहे ते. आठव्या-दहाव्या दिवशी एका तुकड्याचा कोपरा दोन बोटांनी हलकेच उचला. सहज उचलला गेला तर पोरांना आणि कुत्र्याला अजून लांबच ठेवा. खालून पांढरी केसासारखी मुळं मातीला धरून ताण देऊ लागली, की पाणी एक दिवसाआड करा, पण जास्त द्या. पाऊस चालू असेल तर पाइप गुंडाळून ठेवायचा, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

पहिली कापणी तीन-चार आठवड्यांनी, यंत्राचं पातं धारदार असेल तरच, आणि उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. युरिया पाच-सहा आठवड्यांनंतर, चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आत. पानं कोरडी असताना फेकून लगेच पाणी.

लॉनबरोबर झाडांची रोपंही लावणार असाल तर त्यांचे खड्डे आधीच खणून ठेवा. पिशवी ओढून न काढता ब्लेडने कापा. तळाशी मुळांची गुंडाळी दिसली तर तिला दोन-तीन उभे काप द्या, नाहीतर झाड वर्षानुवर्षं पिशवीतच असल्यासारखं राहतं. कलमाचा जोड मातीच्या वर हवा. जोडाखालून फुटलेली फांदी काढून टाका, ती खुंटाची, म्हणजे कलम ज्याच्यावर बांधलं त्या झाडाची. काठीला सुतळीने सैल आठचा आकडा घालून बांधा. आळं करा, त्यात पालापाचोळा घाला, पण बुंध्याला टेकवू नका. बुंध्याभोवती फूटभर लॉनही नको, ते रोपाच्या वाटणीचं पाणी पितं आणि कापताना साल खरचटते.

आणि हुमणी, म्हणजे गवताची मुळं खाणारी, भुंगेऱ्याची अळी. पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर, बाभळीवर संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमलेले दिसले तर लक्षात ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरात एखादा पट्टा पाणी देऊनही सुकला, साळुंक्या तिथेच टोची मारू लागल्या आणि हात लावताच गवत चटईसारखं सुटून आलं, तर खाली अर्धचंद्रासारखी वळलेली पांढरी अळी सापडेल. पट्टा उचला, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, आणि माळीदादांना त्याच दिवशी बोलवा.