गच्चीवर उपग्रहाचं चित्र उतरवताय? या चुका टाळा

बेळगावची टिळकवाडी असो की खानापूर, ध्रुवीय कक्षेतले हवामान उपग्रह आपल्या डोक्यावरून जातातच. एक आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि अँटेना म्हणून दोन धातूच्या कांड्या एवढ्यावर त्यांनी पाठवलेलं चित्र घरी उतरवता येतं. तरी पुष्कळांचा पडदा कोराच राहतो, कारण जुने व्हिडिओ बघून ते अजून एनओएए 15, 18 नि 19 हे अमेरिकेचे उपग्रह शोधत बसतात. हे तिन्ही 2025 मध्ये बंद झाले. आता रशियाचे मेटिऑर-एम एन2-3 आणि एन2-4 धरायचे, 137.9 किंवा 137.1 मेगाहर्ट्झवर. सुरुवात एन2-4 पासून करा. एन2-3 चा अँटेना अवकाशात पूर्ण उघडलेला नाही, त्यामुळे सिग्नल मध्येच पडतो.

एनओएएचं प्रसारण अ‍ॅनालॉग होतं. सिग्नल कमजोर असला तरी मुंग्या-मुंग्यांचं का होईना, चित्र यायचं. मेटिऑर डिजिटल आहे. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की पट्टेच्या पट्टे काळे. म्हणून जुनं एफएम सेटिंग सोडा आणि सॅटडंप या सॉफ्टवेअरमध्ये एलआरपीटी (मेटिऑरची डिजिटल प्रसारण पद्धत) निवडा. गेन (सिग्नल वाढवण्याचं सेटिंग) शेवटपर्यंत चढवू नका, नाहीतर जवळचं एफएम केंद्र रिसीव्हरला दाबून टाकतं. कांड्या प्रत्येकी सुमारे 53 सेंटीमीटर, आडव्या, मधला कोन 120 अंश, उघडी बाजू उत्तरेला किंवा दक्षिणेला. उपग्रह येण्याची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिली असेल तर साडेपाच तास मिळवा.

अरबी समुद्र उजवीकडे दिसला तर घाबरू नका. उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेला गेलाय, चित्र 180 अंशांत फिरवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या चुकीची: पांढरं दिसलं की पाऊस समजायचं. इन्फ्रारेड चॅनेल ढगाच्या माथ्याचं तापमान दाखवतो (जितकं गार तितकं पांढरं), पाऊस नाही. जुलैत कणकुंबी, जांबोटी, चोर्ला घाटात दमट वारे डोंगर चढतात. तिथले ढग बरेचदा फार उंच नसतात, माथा तितका गार नसतो, म्हणून चित्रात ते नुसते करडे दिसतात. आणि खाली मलप्रभेच्या उगमावर धो धो कोसळत असतं. उलट अथणीवर पांढराशुभ्र थर दिसतो तो कधी कधी उंचावरच्या बर्फकणांचा विरळ ढग असतो, जमिनीवर टिपूसही नाही. असं चित्र ‘अतिवृष्टी’ म्हणून गावच्या ग्रुपवर गेलं की शेतकरी हातातलं काम टाकतो. पाठवण्याआधी दिवसाच्या त्याच फेरीतला दृश्य प्रकाशाचा चॅनेल शेजारी ठेवा. घाटातला करडा ढग तिथे जाड, लख्ख पांढरा दिसेल आणि अथणीवरच्या थरातून खालची जमीन दिसेल.