एका एफईटीवर शॉर्टवेव्ह रेडिओ कसा बनवायचा

पहिलाच रेडिओ बनवताय आणि तो चाललाही पाहिजे, तर रीजनरेटिव्ह घ्या. एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) सिग्नल वाढवतो, त्यातला थोडा परत कॉइलकडे जातो, तोच पुन्हा वाढतो, म्हणून एवढ्याशा सर्किटवर परदेशातली स्टेशनं येतात. अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँगला हे 1912 साली सुचलं तेव्हा तो कॉलेजातच होता.

सामानाला पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जा. एफईटी म्हणून एमपीएफ102 मागा, नसेल तर बीएफडब्ल्यू11, आणि आवाज वाढवायला एलएम386 ही अँप्लिफायर चिप. गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवतात तो) मात्र नवा शोधत बसू नका, बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात एखादा मेलेला ट्रान्झिस्टर रेडिओ उचला आणि त्यातला काढा. 24 गेजची इनॅमल वायर मोटार रिवाइंडिंगवाला देईल.

आता कॉइल. 25 मिमी पीव्हीसी पाइपवर 14 वेढे चिकटून, मग 3 मिमी सोडून त्याच दिशेने 4 वेढे, हा टिकलर, म्हणजे सिग्नल परत देणारी कॉइल. 14 वाल्याचं वरचं टोक 100 पीएफ (पिकोफॅरड) कंडेन्सरमधून गेटला (गेट, ड्रेन, सोर्स हे एफईटीचे तीन पाय), खालचं ग्राउंडला, गँग या दोन टोकांच्या मध्ये, गेटवरून ग्राउंडला 1 मेगओहमचा रेझिस्टर. टिकलरचं सगळ्यात खालचं टोक ड्रेनला, वरचं 2.2 के (किलोओहम) रेझिस्टरमधून 9 व्होल्टला. टिकलरच्या दोन टोकांवर 1 के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), तोच रीजन, म्हणजे किती सिग्नल परत जायचा ते ठरवणारा. सोर्सवरून ग्राउंडला 1 के, त्याला पॅरलल 10 आणि 0.1 मायक्रोफॅरड. टिकलरच्या वरच्या टोकावरून ग्राउंडला 1 नॅनोफॅरड, तिथूनच 0.1 मायक्रोफॅरडमधून आवाज 386 कडे. अँटेनाला खाली 2 सैल वेढे पुरतात, जास्त घातले तर रीजन बसतच नाही.

टोकांचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडा हो! माझा पहिला सेट अर्धा दिवस मुका होता, सोल्डर वरवर चमकत होतं पण पसरायच्या ऐवजी गोळी होऊन बसलं होतं, हलवलं की सुटायचं.

ऑन करून पॉट हळू फिरवा. सूं वाढत जाईल, मग एकदम 'टक' होऊन शिट्टी. शिट्टी येतच नसेल तर टिकलरची दोन टोकं उलटी जोडा, दहातल्या नऊ वेळा तेवढंच असतं. स्टेशन ऐकायला शिट्टीच्या जरा अलीकडे थांबायचं, आणि 7.1 मेगाहर्ट्झच्या आसपास हॅम लोकांचं (हौशी रेडिओवाल्यांचं) बदकासारखं बोलणं ऐकायला जरा पलीकडे, मग गँग केसभर हलवत आवाज माणसाचा करायचा. दर वेळी ट्यूनिंग बदललं की पॉटही हलवावा लागतो, कंटाळा येतो पण हात बसतो. नॉबजवळ हात नेला की स्टेशन पळत असेल तर पुढे पत्रा लावून ग्राउंड करा.

अँटेनाला गॅलरीतून गच्चीपर्यंत 8-10 मीटर वायर, वळवाचं आभाळ आलं की काढून ठेवायची. संध्याकाळी अंधार पडल्यावर 41 मीटर बँड (7.2 ते 7.45 मेगाहर्ट्झच्या आसपासची शॉर्टवेव्ह स्टेशनं) भरलेला असतो. नुसती गरगर येत असेल तर घरातले एलईडी बल्ब, चार्जर एकेक बंद करत जा, आमच्याकडे चोर राउटरचा अडॅप्टर निघाला.