व्हीएफडीचे हार्मोनिक्स: चोक किती, कुठे आणि कपॅसिटरचे काय करायचे

व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बसवल्यावर ट्रान्सफॉर्मर तापतो, कपॅसिटर फुगतात, तर तो हार्मोनिक्सचा (सप्लायच्या फ्रीक्वेन्सीच्या पटीतल्या नको असलेल्या करंटचा) त्रास. सेन्सरचे रीडिंग नाचते, पीएलसीचे (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचे) कम्युनिकेशन तुटते, तर तो ड्राइव्हच्या वेगवान स्विचिंगचा नॉईज. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नॉईज अडवणारा ईएमसी फिल्टर लावून पाचवे हार्मोनिक कमी होत नाही.

साध्या ड्राइव्हच्या इनपुटला सहा डायोडचा रेक्टिफायर असतो. तो व्होल्टेजच्या शिखराजवळच करंट ओढतो, म्हणून 50 हर्ट्झच्या सप्लायवर 5वे, 7वे, 11वे, 13वे (250, 350, 550, 650 हर्ट्झ) हार्मोनिक तयार होते. चोक (करंटचे झटके मऊ करणारी कॉइल) नसेल तर करंटचा टीएचडी (मूळ करंटच्या तुलनेत हार्मोनिक्सचे एकूण प्रमाण) 80 टक्क्यांच्या पुढेही जातो.

आधी मोजा. पॉवर ॲनालायझर मुख्य इनकमरला (सप्लाय आत येतो त्या स्विचला) लावा आणि ड्राइव्ह नेहमीच्या लोडवर चालवा. कमी लोडवर टीएचडीची टक्केवारी भयंकर दिसते, पण अँपिअर थोडेच असतात. त्या आकड्याला घाबरून फिल्टर घेऊ नका.

पहिला उपाय इनपुटचा 3 टक्के चोक. टीएचडी साधारण 40 टक्क्यांवर येतो. 400 व्होल्ट, 30 अँपिअरच्या ड्राइव्हसाठी हिशोब असा: फेज व्होल्टेज 231, भागिले 30 म्हणजे 7.7 ओहम, त्याचे 3 टक्के 0.23 ओहम; भागिले 314 (2π गुणिले 50), म्हणजे सुमारे 0.74 मिलिहेन्री. 5 टक्क्यांचा चोक घेतल्यास फायदा थोडाच वाढतो, उलट डीसी बसचे (रेक्टिफायरनंतरचे) व्होल्टेज घसरते आणि पूर्ण वेगाला मोटर कमी पडू शकते. ड्राइव्हमध्ये डीसी चोक आधीच आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघा. असेल तर बाहेरच्या चोकचा फायदा कमी.

खरा घात पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक करते. बँक आणि ट्रान्सफॉर्मर यांचा रेझोनन्स (ज्या हार्मोनिकला ते मिळून फुगवतात) कुठे पडतो ते काढा: शॉर्ट-सर्किट केव्हीएला (ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए भागिले इम्पिडन्स) बँकेच्या केव्हीएआरने भागून वर्गमूळ घ्या. 500 केव्हीए, 5 टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे 10,000 केव्हीए. बँक 200 केव्हीएआर असेल तर उत्तर 7.07. नेमके सातवे! एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारे) पॅनेल टप्प्याटप्प्याने बँक जोडते, म्हणून प्रत्येक टप्प्याचा हिशोब करा. उपाय म्हणजे कपॅसिटरच्या मालिकेत 7 टक्क्यांचा डीट्यून्ड रिॲक्टर (कॉइल). त्याने ट्यूनिंग 189 हर्ट्झवर येते, पाचव्याच्या खाली. या रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचे व्होल्टेज सुमारे साडेसात टक्के वाढते, तेव्हा कपॅसिटरही जास्त रेटिंगचे घ्या. जुन्याच कपॅसिटरला रिॲक्टर जोडून पैसे वाचवणे अंगाशी येते.

एवढ्याने भागले नाही तर पॅसिव्ह फिल्टर, 12 किंवा 18 पल्सचा (जास्त डायोडचा) रेक्टिफायर, ॲक्टिव्ह फिल्टर (उलटा करंट सोडून हार्मोनिक मारणारा) किंवा ॲक्टिव्ह फ्रंट एंड ड्राइव्ह (इनपुटला डायोडऐवजी ट्रान्झिस्टर असलेला). पॅसिव्ह फिल्टर रिकाम्या लोडवर लीडिंग करंट देतो आणि जनरेटरला तो सोसत नाही. त्यामुळे कमी लोडला फिल्टरचा कपॅसिटर तोडणारा कॉन्टॅक्टर हवा.

नॉईजसाठी शील्डेड मोटर केबल वापरा. शील्ड पिळून शेपटी करून अर्थ करू नका, क्लॅम्पने चहूबाजूंनी दोन्ही टोकांना दाबा. सिग्नल केबल मोटर केबलपासून निदान 30 सेंटिमीटर लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात. स्विचिंग फ्रीक्वेन्सी कमी केली की नॉईज घटतो, मोटरची शिट्टी मात्र वाढते. आणि ड्राइव्हच्या आउटपुटला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर कधीच जोडू नका, ड्राइव्ह ट्रिप होईल नाहीतर जळेल.