आईवडिलांना कॉम्प्रेशन मोजे घालताना सगळी मेख टाचेत

कॉम्प्रेशनचा मोजा घोट्याशी सर्वात घट्ट असतो आणि वर पोटरीकडे त्याचा दाब कमी होत जातो. पायात साचणारं रक्त वर सरकायला या उतरत्या दाबाची मदत होते. अडचण एवढीच, की मोज्याचा हा सर्वात घट्ट भाग पायाच्या सर्वात रुंद वळणावरून, म्हणजे टाचेवरून, न्यावा लागतो. बहुतेक घरांत रोजची झटापट होते ती इथेच.

हे मोजे मनाने आणून घालू नयेत. पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असतील तर बाहेरून दिलेल्या दाबामुळे पायाला रक्त आणखी कमी मिळतं आणि जखम होऊ शकते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील, हृदयाचा त्रास असेल किंवा कातडी फार नाजूक असेल, तर डॉक्टरांना आधी विचारलंच पाहिजे. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो: १५ ते २० सौम्य, २० ते ३० मध्यम, ३० ते ४० बराच घट्ट. किती हवा ते डॉक्टर ठरवतील. माप मात्र सकाळी, सूज नसताना घ्या: घोट्याच्या हाडाच्या जरा वरचा सर्वात बारीक भाग, पोटरीचा सर्वात जाड भाग आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पायांचं वेगवेगळं.

मोजे अंथरुणातून उठल्या उठल्या घालायचे. तासभर घरात वावरल्यावर पाय सुजतो आणि तोच मोजा दुप्पट जड जातो. उशीर झालाच तर २०-३० मिनिटं पाय उशांवर उंच ठेवून झोपायला सांगा. आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर मात्र हे करू नका.

पाय पूर्ण कोरडे हवेत. तेल किंवा क्रीम रात्रीसाठी राखून ठेवा, सकाळी लावलं तर मोजा चिकटून बसतो. अगदीच अडलं तर थोडी टाल्कम पावडर चालते. स्वतःच्या अंगठ्या काढा, नखं कापा आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवा. या हातमोज्यांसारखं दुसरं साधन नाही; कापड पकडीत राहतं आणि नखाने धागाही निघत नाही.

आईला किंवा बाबांना पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवा. तुम्ही समोर बुटक्या स्टुलावर बसा आणि त्यांचा पाय आपल्या मांडीवर घ्या. वाकून उभं राहून केलं तर आठवड्याभरात तुमचीच कंबर धरेल.

आता मोज्यात हात घालून आतून टाचेचा भाग चिमटीत धरा आणि तो धरूनच मोजा उलटा करत बाहेर काढा. पायाचा भाग आत, वरचा भाग उलटा बाहेर, असा टाचेपर्यंतचा खिसा तयार होतो. खिशाचं तोंड दोन्ही अंगठ्यांनी ताणून बोटं, मग चवडा आत घ्या. टाचेचा भाग टाचेवर नेमका बसेपर्यंत पुढे जाऊ नका. तो घोट्याकडे किंवा तळव्याकडे सरकलेला असेल, तर पुढचा सगळा दाब चुकीच्या जागी पडतो. पाय ढकलायला सांगायचं ते टाचेने. बोटं ताणली की पाऊल लांब होतं आणि मोजा अडकतो.

टाच बसली की उरलेला मोजा घोट्यावरून उलगडत वर न्या. वरची पट्टी धरून ओढणं ही सर्वात मोठी चूक. त्याने कापड वर जास्त ताणलं जातं आणि गुडघ्याखाली काच बसतो. त्याऐवजी तळहात सपाट ठेवून, खालून वर, थोडं थोडं सरकवा. पट्टी गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली थांबली पाहिजे. मोजा लांब वाटला तरी दुमडू नका: दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो. उरलेली लांबी खाली सरकवून सारखी करा. घोट्यापुढच्या सुरकुत्या हाताने सपाट करा, कारण वळ आणि फोड तिथेच उठतात.

बोटं उघडी राहणारा मोजा असेल तर पावलावर आधी गुळगुळीत कापडाची पातळ पिशवी चढवा, वरून मोजा घाला आणि पिशवी बोटांच्या बाजूने ओढून काढा. बंद मोज्यासाठी तारेची चौकट मिळते. हातात जोर कमी असलेल्यांना ती उपयोगी पडते, पण ती वापरताना थोडं वाकावं लागू शकतं. काहीच जमत नसेल तर वेल्क्रोच्या पट्ट्यांचा पर्याय डॉक्टरांना विचारा. रोज न घातलेल्या घट्ट मोज्यापेक्षा रोज घातलेला सौम्य मोजा बरा.

घातल्यावर दहा मिनिटांनी बोटं पाहा. निळी, पांढरी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, दुखू लागलं, तर लगेच काढा. एकाच पायाला अचानक सूज येऊन तो दुखू लागला आणि गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट तातडीच्या विभागात. आणि नुसत्या मोज्यांवर चालू देऊ नका, फरशीवर ते घसरतात. वर न घसरणारी चप्पल हवी.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रात्री झोपताना मोजे काढायचे. वरची पट्टी धरून हळूहळू उलटवत खाली आणा, टाचेशी अंगठा आत सारून सोडवा. मग टाच, घोटा, नडगी नीट पाहा: लाल डाग काही वेळाने फिका पडला नाही तर दखल घ्या. मोजे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारं द्रावण आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य. दोन जोड ठेवले की धुण्याची घाई होत नाही. साधारण सहा महिन्यांत ताण ढिला पडतो. घालायला अचानक सोपा वाटू लागलेला मोजा बहुधा बदलायला आलेला असतो.